रात्री भिजवा, सकाळी भाजा: फळांच्या बेक्ड फ्रेंच टोस्टसाठी कोणता पाव घ्यावा?

सकाळी दहाला सहा-आठ माणसं नाश्त्याला येणार असतील तर तव्यावरचा फ्रेंच टोस्ट गैरसोयीचा. दोन-दोन काप परतत गॅसपाशी उभं राहावं लागतं आणि शेवटचे काप उतरेपर्यंत पहिले गार पडून चिवट झालेले असतात. अमेरिकेत यावर सोपी युक्ती आहे. खोलगट भांड्यात पावाचे तुकडे आणि फळं रचायची, वरून अंडी-दुधाचं मिश्रण ओतायचं, रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचं आणि सकाळी भांडंच्या भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं. नाताळच्या सकाळी तिकडे कितीतरी घरांत हा पदार्थ होतो. आपल्याकडेही ज्यांच्याकडे ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आहे त्यांना तो सहज जमण्यासारखा आहे.

पाककृती भरपूर मिळतात, पण त्यांत पावाच्या जागी बहुतेकदा नुसतं ‘ब्रेड’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि हा पदार्थ बिघडतो तो नेमका तिथेच. अमेरिकन पाककृती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ब्रिऑश, म्हणजे भरपूर लोणी-अंड्यांचा फ्रेंच पाव, असतो, किंवा खाला, म्हणजे ज्यूंचा अंडं घातलेला वेणीचा पाव. आपण त्याच मापात पिशवीतला मऊ सँडविच ब्रेड घालतो आणि सकाळी ओव्हनमधून गोड लगदा निघतो. म्हणून हे परीक्षण पाककृतीचं नाही, आपल्या बाजारात मिळणाऱ्या पावांचं आहे. निकाल आधीच सांगायचा तर, फळं घालणार असाल तर आदल्या दिवशीचा लादी पाव पहिला. बेकरीतला न कापलेला मिल्क ब्रेड त्याच्या अगदी मागोमाग. महागडा ब्रिऑश तिसरा.

सगळ्यांना लावलेलं एकच माप

२० सेंटिमीटर चौकोनी आणि ५ सेंटिमीटर खोल, म्हणजे साधारण २ लिटरचं भांडं. पाव ३५० ग्रॅम, अंडी ५, फुल क्रीम दूध ४०० मिली, २५ टक्के स्निग्धांशाची फ्रेश क्रीम १०० मिली, साखर ५० ग्रॅम, मीठ पाव चमचा, व्हॅनिला १ चमचा, दालचिनीपूड अर्धा चमचा, फळं २५० ग्रॅम. वरच्या थरासाठी बटर, ब्राउन शुगर आणि ओट्स प्रत्येकी ३० ग्रॅम, शिवाय मूठभर बदामाचे काप. एवढ्यात सहा जणांचं पोट भरतं. बटर मिठाचं पिवळं असेल तर मिश्रणातलं मीठ निम्मं करा.

या मापामागे हिशेब आहे. पावाच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पातळ पदार्थ लागतो. अंडी, दूध आणि क्रीम मिळून इथे ७२५ ते ७५० ग्रॅम होतात. आपलं अंडं कवचासकट ५० ते ५५ ग्रॅमचं असतं, कवच काढल्यावर जेमतेम ४५ ते ४८ भरतं. अमेरिकेतलं ‘लार्ज’ अंडं कवच काढून ५० ग्रॅम धरतात. त्यामुळे तिकडच्या पाककृतीत ८ अंडी सांगितली असतील तर आपली ९ घाला, नाहीतर मध्यभाग नीट धरत नाही. स्निग्धांशाचंही तसंच. तिकडे ‘हाफ अँड हाफ’ म्हणून दूध आणि साय यांच्या मधलं जे काही मिळतं त्यात १० ते १२ टक्के स्निग्धांश असतो. आपल्या ६ टक्क्यांच्या फुल क्रीम दुधात २५ टक्क्यांची क्रीम ४:१ प्रमाणात मिसळली की तेवढाच, १० टक्क्यांच्या जवळपास येतो. टोन्ड दुधात तो ३ टक्केच असतो. त्याने पदार्थ होतो, पण खाताना पाणचट लागतो.

दालचिनी दुधात थेट टाकू नका. ती भिजत नाही, वर तरंगते आणि ओतताना एकाच कोपऱ्यात गोळा होते. आधी साखरेत नीट चोळा, मग त्यात एक अंडं फेटा, मग बाकीची अंडी, आणि सगळ्यात शेवटी दूध. साखरेऐवजी गूळ घ्यायचा असेल तर तो वरच्या थरात घ्या. मिश्रणात गूळ घातला तर भाजताना दूध फाटण्याची भीती असते, आणि कापल्यावर आत पांढरे कण व हिरवट पाणी दिसतं.

पावाला काय यायला हवं

ताजा पाव चालत नाही, हे सगळेच सांगतात. का चालत नाही हे कळलं की निम्मं काम झालं. ताज्या पावात ओलावा आधीच भरलेला असतो, त्यामुळे मिश्रण आत शिरायला जागाच नसते. वरचा थर भिजून मऊ पडतो, स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि आतला भाग कोराच राहतो. कोरडा पाव मिश्रण ओढून घेतो, आणि भाजताना अंडं आतूनच घट्ट होतं. तुकडा फुगतो तो त्यामुळेच.

इथे एक गल्लत नेहमी होते. पाव पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवला की तो दुसऱ्या दिवशी कडक लागतो, म्हणून माणूस समजतो की कोरडा झाला. तो कोरडा झालेला नसतो. गारव्यात पिठातला स्टार्च घट्ट होतो, पाणी मात्र पावातच राहतं. असा पाव मिश्रणात पडला की पुन्हा मऊ पडतो. कोरडं करायचं म्हणजे पाणी घालवायचं. अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा, ट्रेमध्ये एका थरात पसरा आणि १२० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटं ठेवा. मध्ये एकदा हलवा. रंग येता कामा नये. तुकडा बोटांनी दाबला की बाहेरून कुरकुरीत आणि मध्ये थोडा दबणारा लागला की झाला. पावसाळ्यात पाव रात्रभर उघडा ठेवून कोरडा होत नाही, उलट दमट होतो आणि बुरशीची भीती वेगळीच. तेव्हा ओव्हनच.

पाव घरी आणल्यावर मोठं भांडं लावण्याआधी एक छोटी चाचणी करता येते. एक कोरडा तुकडा वाटीत मिश्रणात पाच मिनिटं बुडवा, चमच्याने उचला आणि मधोमध कापा. आत पांढरा कोरडा ठिपका राहिला असेल तर हा पाव रात्रभर मुरायला योग्य आहे. पाच मिनिटांतच चमच्यावरून ओघळला तर तो आणखी वाळवायला हवा, किंवा मुरण्याचा वेळ दोन तासांवर आणायला हवा.

लादी पाव

पहिल्या क्रमांकाचा, आणि तो स्वस्त आहे म्हणून नव्हे. लादी पावात साखर-तूप फारसं नसतं. फळं घातलेल्या टोस्टमध्ये गोडवा फळातून येतो, रस फळातून येतो, साय मिश्रणात असते. अशा वेळी पाव साधा असलेलाच बरा, म्हणजे अंजिराची किंवा केळ्याची चव वर येते. दुसरी गोष्ट त्याच्या पोताची. लादीतून वेगळा केलेला पाव कडेने तंतू-तंतू सुटतो. सुरीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेल्या खडबडीत बाजूत मिश्रण लवकर शिरतं, आणि वर आलेली टोकं भाजताना खरपूस होतात. सुरीच्या गुळगुळीत कापाला तो कुरकुरीतपणा येत नाही.

अट एकच. पाव आदल्या दिवशीचा हवा आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळवलेला हवा. सकाळी आणून रात्री घातलेला पाव फसतो, कारण त्याचं कवच पातळ असतं आणि आतून तो फार हलका असतो. मिश्रण ५० मिली कमी करून बघण्याचा मोह होतो, पण त्याने मधला भाग कोरडा राहतो. पाव वाळवणं हाच खरा उपाय. वजन मात्र करा. पावाचा आकार बेकरीगणिक बदलतो, म्हणून ‘आठ पाव’ या मापाला अर्थ नाही.

न कापलेला मिल्क ब्रेड

बेकरीत अख्खा मागा आणि कापू नका म्हणून सांगा. मशीनने कापलेले काप साधारण एक-सव्वा सेंटिमीटरचे असतात आणि या पदार्थाला त्याच्या दुप्पट जाडी लागते. मिल्क ब्रेडचा पोत बारीक आणि एकसारखा असतो, त्यामुळे वडी कापल्यासारखे नीट चौकोन निघतात आणि ताटात देखणे दिसतात. पाहुण्यांसमोर भांडं मांडायचं असेल तर लादी पावापेक्षा हा घ्या. त्यात साखर असते, म्हणून मिश्रणातली साखर ५० वरून ३५ ग्रॅमवर आणा. मुरायला आठ तास पुरेत. बारा तासांनंतर तळाचे तुकडे एकमेकांत मिसळायला लागतात.

ब्रिऑश

याची कीर्ती मोठी आहे आणि साध्या, फळांशिवायच्या टोस्टला ती शोभते. फळांसोबत मात्र तो जड होतो. ब्रिऑशच्या पिठातच भरपूर लोणी आणि अंडी असतात, त्यात आपण पुन्हा क्रीम ओततो आणि वर बटरचा थर देतो. दुसऱ्या घासाला तोंडाला मिठी बसते. घ्यायचाच असेल तर क्रीम पूर्ण काढा, दूध ५०० मिली करा, साखर ३० ग्रॅम ठेवा. अंडं-साखरेमुळे तो लवकर करपतो, म्हणून भाजताना फॉइल पुढे सांगितलेल्या २५ ऐवजी ३० मिनिटं झाकून ठेवा. विकत घेताना मागचं लेबल वाचा. ‘ब्रिऑश’ नाव असून घटकांत लोण्याऐवजी मार्गारीन किंवा पामतेल आणि पिवळा रंग असेल, तर तो गोड बनच आहे. जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही.

पिशवीतला सँडविच ब्रेड

सगळ्यांच्या घरात असतो, म्हणून सगळ्यात जास्त फसतोही हाच. तो मऊ राहावा म्हणूनच त्यात मऊपणा टिकवणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे उघड्यावर ठेवूनही तो लवकर वाळत नाही. ओव्हनमध्ये १२० अंशांवर पूर्ण २५ मिनिटं द्यावीच लागतात. तुकडे करण्यापेक्षा काप तिरके कापून त्रिकोण करा आणि छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक अर्धे चढवून तिरके रचा, मधल्या फटींत फळं खोचा. आडवे थर लावले तर खालचे दोन थर चिकटून एकच थापी होते. असं केलं तर पास होतो, त्यापलीकडे नाही. ब्राउन किंवा मल्टिग्रेन ब्रेड घेऊ नका. कोंडा पाणी धरून ठेवतो आणि मध्यभाग चिकट राहतो, कितीही भाजलं तरी.

ब्रून, सावरडो आणि बाकीचे

ब्रून म्हणजे कडक पाव, मुंबई-पुण्यात इराणी बेकऱ्यांमुळे सहज मिळतो. त्याचं कवच हेच त्याचं बळ आणि हीच त्याची अडचण. आठ तासांत कवच भिजत नाही, भाजल्यावर दातांत ओढल्यासारखं लागतं. पूर्ण बारा तास द्या, आणि ओतल्यावर पहिल्या अर्ध्या तासात दोनदा उलथन्याने दाबून तुकडे बुडवा. ज्यांना मऊ, खिरीसारखा पदार्थ आवडत नाही त्यांनी ब्रूनच घ्यावा. कापल्यावर तुकडा तुकडा वेगळा राहतो.

सावरडो म्हणजे नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाचा पाव. त्याच्या मोठ्या भोकांतून मिश्रण तळाशी गळतं, आणि त्याची आंबूस चव स्ट्रॉबेरी-अननसाच्या आंबटपणाशी भांडते. केळं किंवा चिकू असेल तर मात्र छान जुळते. गोव्यातली पोई या कामाला नको. ती आत पोकळ असते, त्यामुळे भिजल्यावर नुसतं कोंड्याचं जाड पापुद्र्यासारखं कवच उरतं. तिथलेच उंडे, म्हणजे कडक कवचाचे गोल पाव, घ्या, ते ब्रूनसारखे वागतात. टुटीफ्रुटीचा गोड बन चालतो, साखर निम्मी करा. चहाचे टोस्ट, बेकरीतले कडक बटर, खारी यांपैकी काहीही नको. त्यांतलं पाणी आधीच संपलेलं असतं, ते सगळं दूध पिऊन टाकतात आणि त्याचा रवाळ शिरा होतो.

फळांचा स्वभाव

पावानंतर पदार्थ बिघडवतं ते फळातलं पाणी, आणि काही फळांतली पाचकं.

अननस, पपई, किवी आणि ताजं अंजीर यांत प्रथिनं मोडणारे घटक असतात. ही फळं कच्ची घालून रात्रभर ठेवली तर ती अंडी-दुधाची प्रथिनं तोडतात. सकाळी मिश्रण पातळ दिसतं, भाजल्यावर घट्ट धरत नाही, दुधाला कडवट चव येते. अननसाचे तुकडे दोन चमचे साखर घालून पाच-सात मिनिटं उकळून गार करा, मग निर्धास्त घाला. डबाबंद अननस आधीच शिजलेला असतो, रस निथळून घेतला की झालं. पुरंदरची ताजी अंजिरं हंगामात मिळाली तर रात्री घालू नका. सकाळी ओव्हनमध्ये जाण्याआधी दोन-दोन फोडी करून कापलेली बाजू वर ठेवून खोचा. भाजताना त्यांच्या कडा चिकट-गोड होतात आणि या पदार्थात अंजिराला तोड नाही. सुकं अंजीर वापरायचं तर अर्धा तास गरम पाण्यात भिजवून.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसायला मोहक, पण तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. आत घातली की भाजून फिकट होते, आजूबाजूचा पाव गुलाबी आणि गचगचीत होतो. तिचा योग्य मार्ग वेगळा. २५० ग्रॅम स्ट्रॉबेरी ३० ग्रॅम साखर आणि चमचाभर लिंबाच्या रसात जाड बुडाच्या पातेल्यात आठ-दहा मिनिटं शिजवा आणि खाताना वरून घाला. आत घालायचीच असेल तर आधी १८० अंशांवर १५ मिनिटं भाजून सुटलेला रस वेगळा करा.

केळं रात्री घातलं तर काळं पडतं. चव बिघडत नाही, पण पाहुण्यांना ते शिळं वाटतं. सकाळी घाला, पिवळं पण घट्ट, ठिपके न आलेलं. सफरचंद उलट आधी शिजवावं लागतं. कच्च्या फोडी ४५ मिनिटांत मऊ होत नाहीत, पाव मऊ आणि फोड कचकचीत असा विसंवाद होतो. चमचाभर बटरमध्ये पाच-सहा मिनिटं परतून घ्या. चिकूकडे लोकांचं लक्ष जात नाही, आणि जायला हवं. डहाणू-घोलवडकडचा पिकलेला पण टणक चिकू, साल काढून जाड फोडी, मिश्रणातली साखर ३० ग्रॅम, दालचिनीऐवजी चिमूटभर जायफळ. भाजल्यावर त्याला थेट गुळाच्या काकवीचा वास येतो.

हापूस भाजू नका. त्याचा गंध हीच त्याची श्रीमंती आणि ती ओव्हनमध्ये उडून जाते. उरतं ते गोड, धाग्याधाग्याचं काहीतरी. मे महिन्यात टोस्ट साधा भाजा, फक्त वेलची घालून, आणि तो कोमट झाल्यावर वर आंब्याच्या ताज्या फोडी पसरा. डाळिंबाचे दाणेही शेवटी. फ्रोझन ब्लूबेरी वितळू देऊ नका. चमचाभर मैद्यात घोळवून गोठलेलीच सकाळी घाला, नाहीतर सगळं मिश्रण करडं-निळं होतं.

भांडं, ओटीजी आणि वेळ

भांडं काचेचं असेल तर बोरोसिलिकेट आहे का ते पाहून घ्या. तरीही फ्रिजमधलं गार भांडं एकदम तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका. अर्धा तास ओट्यावर ठेवा आणि तापलेल्या धातूच्या ट्रेवर न ठेवता जाळीवर ठेवा. पातळ ॲल्युमिनियमचा केकचा डबा रात्रभरासाठी नको. आंबट फळांनी त्याला धातूची चव येते, आणि कडा आधी करपतात. सिरॅमिकचं भांडं उशिरा तापतं, आठ-दहा मिनिटं जास्त धरा. मोठं २३ × ३३ सेंटिमीटरचं भांडं विकत घेण्याआधी ओटीजीची आतली जागा टेपने मोजा. कानांसकट ते लांब होतं आणि छोट्या ओटीजीचं दार लागत नाही. त्या भांड्याला वरची सगळी मापं दीडपट करा, फक्त अंडी ८.

ओतल्यावर भांडं झाकून आठ ते बारा तास फ्रिजच्या आतल्या खणात ठेवा, दारात नाही. २४ तासांच्या वर नको. रात्री वीज गेली आणि फ्रिज चार तासांहून जास्त बंद राहिला तर ते मिश्रण वापरू नका. कच्ची अंडी आणि दूध एकत्र आहे, त्यात धोका पत्करायचा नाही.

बटर, ब्राउन शुगर, ओट्सचा थर वेगळ्या डबीत ठेवा आणि सकाळी पसरा. रात्रीच पसरला तर तोही भिजतो, कुरकुरीत काही उरत नाही.

ओव्हन १७५ अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा. ओटीजीचं बटण १७५ दाखवत असलं तरी आत १५-२० अंशांचा फरक सहज असतो, म्हणून आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेतलात तर तो सगळ्याच बेकिंगला उपयोगी पडेल. मधल्या खणात, वरखाली दोन्ही रॉड चालू. पंखा लावला तर १६० अंश पुरे. पहिली २५ मिनिटं फॉइल झाका, मग काढून आणखी १५ ते २० मिनिटं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर झपाट्याने रंगतो, तिथे फॉइल ३५ मिनिटं.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. भांड्याच्या मधोमध चमच्याची पाठ हलकेच दाबा. पांढरट दुधाळ पाणी वर आलं तर अजून कच्चं, सात-आठ मिनिटं द्या. दाबलेली जागा परत वर आली आणि चमच्याला फक्त ओलसर चमक लागली तर काढा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७५ ते ८० अंश. ८५ च्या पुढे गेलं की अंडं आकसतं, पाणी सोडतं, आणि वाढताना भांड्याच्या तळाशी पिवळसर पाण्याचं डबकं दिसतं. लोक याला कच्चं समजून आणखी भाजतात, आणि पाणी आणखी सुटतं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा. फुगलेला टोस्ट थोडा खाली बसतो, ते बरोबर आहे. त्या दहा मिनिटांत आतली वाफ मुरते आणि वड्या स्वच्छ कापल्या जातात.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

अंड्याऐवजी कस्टर्ड पावडर चालते, पण रात्रभराची सोय सोडावी लागते. कच्चं कस्टर्ड मिश्रण ओतून ठेवलं तर पावडर तळाशी बसते, वर नुसतं दूध आणि खाली चिकट थर. ५०० मिली दुधात ३० ग्रॅम कस्टर्ड पावडर शिजवून पातळसर करा, कोमट असताना वाळवलेल्या पावावर ओता, तासभर ठेवा आणि १७५ अंशांवर ३० मिनिटं भाजा. यासाठी मिल्क ब्रेडच घ्या. लादी पाव इथे विरघळतो. चव चांगली होते, पण फुगत नाही, हे आधी माहीत असावं.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी

तुमच्याकडे खाला सहज मिळत असेल तर ब्रिऑशपेक्षा तोच घ्या. त्यात अंडं असतं पण लोणी-दूध नसतं, तेल असतं, म्हणून फळांसोबत जड होत नाही आणि मिश्रण चांगलं धरतो. गोठवलेला ‘पाव’ किंवा डिनर रोल वापरायचा असेल तर लेबलवरची साखर बघा, तिकडचे रोल बरेचदा गोड असतात. डब्यातला हापूसचा रस आत घालायचा झाला तर १०० मिलीच, आणि तेवढं दूध कमी करा. त्यापेक्षा जास्त घातला की मधला भाग धरत नाही.

उरलेला टोस्ट मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर रबरासारखा होतो. वडी तव्यावर चमचाभर बटरवर दोन्ही बाजूंनी मंद आचेवर तीन-तीन मिनिटं परता. लादी पावाचा असेल तर दुसऱ्या दिवशी तव्यावर त्याच्या कडा पहिल्या दिवसापेक्षाही कुरकुरीत होतात. फ्रिजमध्ये तो दोन दिवस टिकतो. केळं घातलेला असेल तर एकच.